कायदेमंडळातील डॉ. आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव निघाले म्हणजे डोळ्यांपुढे महाडचे तळे येते, येवल्याची घोषणा येते, घटना समितीचे सभागृह येते आणि नागपूरची दीक्षाभूमी येते. मुंबईच्या कायदेमंडळातील त्यांचे बाक मात्र सहसा कोणास आठवत नाही. वस्तुतः १९२७ च्या फेब्रुवारीत ते प्रथम त्या बाकावर बसले आणि १९३९ च्या अखेरीस प्रांतिक मंत्रिमंडळ जाऊन सभागृहाचे काम थंडावेपर्यंत त्यांचा त्या संस्थेशी संबंध राहिला. घटनेचा शिल्पकार ज्या उमेदवारीतून घडला ती हीच. त्या प्रवेशाला आता शतक भरत आले आहे. या निमित्ताने त्यांच्या चरित्रातील हे काहीसे उपेक्षित पर्व आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ते कौन्सिलात आले ते निवडून नव्हे. गव्हर्नरांनी अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी म्हणून डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांच्याबरोबर त्यांची नेमणूक केली होती. सरकारनियुक्त सभासद म्हणजे सरकारचा हुकमी हात, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज असे आणि तो निराधार नव्हता. पस्तिशीतल्या या बॅरिस्टराने पहिल्याच भाषणात तो समज मोडला. १९२७ च्या २४ फेब्रुवारीस अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी सारावसुलीच्या मुळावरच बोट ठेवले. प्राप्तीवरील कर ठरावीक उत्पन्नाखालच्या माणसाला लागत नाही; जमिनीचा सारा मात्र दोन बिघ्यांच्या धन्यालाही, पीक येवो न येवो, भरावाच लागतो; ही कसली न्यायबुद्धी, असा त्यांचा प्रश्न होता. न्यूयॉर्क आणि लंडन येथे ज्याने अर्थशास्त्राचा कसून अभ्यास केला त्याचे हे बोलणे होते. त्यात आर्जव नव्हते, हिशेब होता.

तसाच हिशेब त्यांनी १२ मार्चला शिक्षणाच्या अनुदानावर मांडला. प्रांत माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करतो आणि अबकारीतून त्याच्या दुपटीहून अधिक वसूल करतो, हे त्यांनी सभागृहाच्या नजरेस आणले. शाळेत घातलेल्या शंभर मुलांपैकी चौथ्या इयत्तेपर्यंत अवघी अठरा पोहोचतात, आणि प्रसाराचा वेग असाच राहिला तर शाळेच्या वयाचे सर्व मुलगे शाळेत येण्यास चाळीस वर्षे आणि सर्व मुली येण्यास तीनशे वर्षे लागतील, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून नेमलेल्या या सभासदाने मागणी केली ती मात्र सगळ्या प्रांताच्या मुलांसाठी. जातवार आकडे मांडून मागासलेल्यांसाठी अधिक मागितले, तेही याच व्यापक भूमिकेवर उभे राहून.

या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर ते आपल्या हजारो अनुयायांसह पाणी प्याले. या दोन गोष्टींचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असा रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा ठराव याच कौन्सिलाने १९२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर केला होता. महाडच्या नगरपालिकेने पुढे आपले तळे खुले झाल्याचे जाहीरही केले. कागदावर सारे झाले होते. तळ्यावर कोणी गेले नव्हते. ज्या संस्थेचा ठराव गावाच्या वेशीपाशी असा अडून राहतो, तिच्यातच बसून बाबासाहेबांनी पुढची बारा वर्षे कायदे मागितले. कायद्यावरचा विश्वास आणि निव्वळ कायद्याविषयीचा अविश्वास हे दोन्ही त्यांच्या ठायी एकत्र नांदत होते. त्यांच्या राजकारणाची ही गुरुकिल्ली आहे असे आम्ही समजतो.

त्यांचे पहिले मोठे विधेयक महार वतनासंबंधी होते. ते त्यांनी १९ मार्च १९२८ रोजी मांडले. आजच्या शहरी वाचकास वतन म्हटले की मानाची, मिरासीची कल्पना येते. महाराचे वतन हे त्याच्या गळ्यातील लोढणे होते. १८७४ च्या वतन कायद्याखाली तो सरकारचा रात्रंदिवसाचा बांधील नोकर. कामाचे तास ठरलेले नाहीत, कामे ठरलेली नाहीत, घरचा कर्ता हजर नसेल तर त्याच्या जागी घरातले दुसरे माणूस राबायचे. मोबदला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन चिंधड्या झालेला इनामाचा तुकडा आणि गावकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेले बलुते. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, ज्यास या चाकरीतून सुटायचे असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन आपल्याकडे ठेवता यावी. जो राहील त्याची कामे कायद्याने नेमून द्यावीत. आणि बलुत्याऐवजी रोख रक्कम सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून त्यास द्यावी. यात अतिरेकी काय होते हे आज शोधूनही सापडत नाही. पण सरकारला फुकटचा नोकर सोडवेना आणि गावच्या पुढाऱ्यांना गावचा राबता माणूस गमवायचा नव्हता. विधेयकाची कसर निघता निघता त्यातला अर्थच उरेना, तेव्हा १९२९ च्या जुलैत त्यांनी ते परत घेतले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्याने केला तो १९५८ चा. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा दोन वर्षे होत आली होती.

त्याच १९२८ च्या जुलैत गिरण्यांतील स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी सवलत देण्याचे विधेयक सभागृहापुढे होते. ते त्यांनी मांडलेले नव्हते. पण त्यांनी त्याची बाजू घेतली. हा बोजा पुष्कळसा सरकारने उचलावा, तथापि ज्या मालकाला स्त्रीच्या मजुरीचा फायदा होतो त्याने त्यातला वाटा टाळू नये, हा त्यांचा मुद्दा होता. १९२९ चा तो मुंबईचा कायदा हा या देशातील अशा प्रकारचा पहिला.

पुढे सायमन कमिशनची प्रांतिक समिती आली, तिच्या अहवालाहून वेगळे असे त्यांचे १९२९ च्या मे महिन्यातील निवेदन आले, प्रौढ मताधिकाराची त्यांची मागणी आली, आणि मग लंडनच्या परिषदा व पुणे करार. तो इतिहास सर्वश्रुत आहे.

१९३५ च्या कायद्यानंतर पट बदलला. १९३६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात जात नव्हती. शेतकरी, कूळ आणि गिरणी कामगार यांना एकत्र आणण्याचा हेतू होता. १९३७ च्या फेब्रुवारीतील निवडणुकीत पक्षाने सतरा उमेदवार उभे केले व त्यांतील बहुतेक निवडून आले. त्यांत अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, शामराव परुळेकर यांच्यासारखे सवर्ण तरुणही होते, हे लक्षात घेतले पाहिजे. स्वतः बाबासाहेबांची लढत भायखळा-परळ भागात पालवणकर बाळू यांच्याशी झाली. बाळू हे केवढे गोलंदाज होते हे जुन्या पिढीतील क्रिकेटशौकिनांनी आपल्या मुलानातवंडांना सांगितलेच असेल. अस्पृश्य म्हणून खेळाडूंच्या तंबूबाहेर वेगळा पेला मिळत असताना त्यांनी साहेबांचे बळी घेतले होते, आणि बाबासाहेबांना त्यांचा अभिमान होता. काँग्रेसने त्यांनाच समोर उभे केले. १३,२४५ विरुद्ध ११,२२५ अशा मतांनी बाबासाहेब विजयी झाले. दोघांपैकी कोणाच्याही पराभवाचा आनंद वाटावा अशी ती लढत नव्हती.

बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ जुलैत अधिकारावर आले आणि आंबेडकर हे विरोधी बाकांवरील सर्वांत जागरूक सभासद ठरले. मंत्र्यांनी पाचशे रुपयेच वेतन घ्यावे या काँग्रेसच्या विधेयकाचे सर्वत्र कौतुक होत असताना, त्याग हा एकच निकष पुरेसा नाही, मंत्र्याची योग्यता आणि कारभाराची शुद्धता यांचाही विचार केला पाहिजे, असे त्यांनी सुनावले. दारूबंदीसाठी शिक्षणाचा पैसा आटू देऊ नका, असा त्यांचा आग्रह होता. स्थानिक मंडळांच्या कायद्यात अस्पृश्यांना ‘हरिजन’ हे नाव देण्याचे ठरले तेव्हा, ज्यांना नाव द्यायचे त्यांनाच ते नको आहे, हे सांगूनही ऐकले गेले नाही म्हणून त्यांचा पक्ष सभागृहातून उठून गेला. कर्नाटकाचा वेगळा प्रांत करावा या १९३८ च्या एप्रिलमधील ठरावास त्यांनी विरोध केला. येथे आम्ही त्यांच्याशी सहमत होऊ शकत नाही. भाषेच्या प्रांतात बहुसंख्य जात अल्पसंख्यांना दडपील ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण ज्या कानडी माणसाला आपल्या भाषेत कारभार हवा होता त्याच्या मागणीला ते उत्तर होऊ शकत नव्हते. पुढे दहा वर्षांनी महाराष्ट्राच्या एकभाषी प्रांतासाठी त्यांनीच निवेदन लिहिले.

त्या काळातील त्यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे खोतीनिर्मूलनाचे विधेयक. ते १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मांडले. रत्नागिरी, कुलाबा आणि ठाण्याचा काही भाग येथे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा असे. सारा त्याने भरायचा, खंड त्याने घ्यायचा, आणि कुळाने पिढ्यान्‌पिढ्या कसूनही जमिनीवर हक्क सांगायचा नाही. खोताला वाजवी भरपाई देऊन ही पद्धत मोडावी आणि कसणाऱ्याला भोगवटादाराचे हक्क द्यावेत, एवढेच विधेयकाचे सार. बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगडकडील आंबडवे. हा प्रश्न त्यांना पुस्तकातून कळलेला नव्हता. आमच्या वाचकांतही खोतांच्या घरची मंडळी थोडीथोडकी नसतील, आणि त्यांच्या आजोळच्या आठवणींत ओटीवर बसलेले कूळ कोठेतरी असेलच. अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी १९३३ पासून शेते न कसण्याचा संप चालवला होता. १० जानेवारी १९३८ रोजी कुणबी, आगरी, महार असे हजारो शेतकरी बोटींतून, पायी, मुंबईत आले आणि आझाद मैदानावरून कौन्सिल हॉलकडे चालून गेले. जातीने ज्यांना एका पंगतीस बसता येत नव्हते ते एका मोर्चात चालले. शिष्टमंडळाने खेरांची भेट घेतली. आश्वासने मिळाली, विधेयक मात्र चर्चेस आले नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात औद्योगिक तंट्यांचे विधेयक आले. संप म्हणजे फार तर कराराचा भंग; त्यास गुन्हा ठरवून तुरुंगाची शिक्षा ठेवणे म्हणजे माणसास मनाविरुद्ध राबावयास लावणे, हा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. बहुमताने विधेयक मंजूर झाले. ७ नोव्हेंबरला त्याविरुद्ध झालेल्या एक दिवसाच्या संपात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले, जरी त्यांच्याशी त्यांचे मुळीच पटत नव्हते.

हरलेल्या विधेयकांची ही यादी पाहून कोणी त्यांच्या या कारकिर्दीस अपयशी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. पण ती यशस्वी होती असे म्हणून तिच्यातील कडूपणा झाकणेही आम्हांस प्रशस्त वाटत नाही. वतनाखाली दबलेल्या आणि खंडाखाली वाकलेल्या माणसाच्या दृष्टीने वीस किंवा तीस वर्षे हा अर्ध्या आयुष्याचा काळ असतो. खोती रद्द करणारा कायदा मुंबई सरकारने केला तो १९४९ चा, आणि तेव्हाही मुख्यमंत्री बाळासाहेब खेरच होते.

१९३९ च्या नोव्हेंबरात युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि सभागृह ओस पडले. १९४२ त बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४६ च्या निवडणुकांत त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा मुंबई प्रांतात धुव्वा उडाला. ज्या विधिमंडळात त्यांनी बारा वर्षे घालवली त्यातून त्यांना घटना समितीवर पाठवणारे कोणी उरले नाही, आणि जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने ते बंगालमधून निवडून गेले. फाळणीमुळे ती जागाही गेली. तेव्हा १९४७ च्या जूनअखेरीस राजेंद्रप्रसादांनी खेरांना पत्र लिहून आंबेडकरांस मुंबईतून निवडून आणण्यास सांगितले. बॅरिस्टर जयकरांच्या राजीनाम्याने एक जागा रिकामी झालेलीच होती. जुलैत मुंबईच्या विधानसभेने, म्हणजे खेरांच्याच पक्षाच्या बहुमताने, ती डॉ. आंबेडकरांस दिली; आणि २९ ऑगस्टला घटना समितीने मसुदा समिती नेमली तीत त्यांचे नाव होते.