कलागुरू नंदलाल बोस

बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात खडगपूर नावाचे गाव आहे. तेथे ३ डिसेंबर १८८२ रोजी नंदलाल बोस यांचा जन्म झाला. वडील दरभंग्याच्या राजांच्या पदरी नोकरीस होते. आई क्षेत्रमणीदेवी यांच्या बोटांत कला होती. जुन्या वस्तूंतून त्या मुलांना खेळणी आणि बाहुल्या करून देत. नंदलाल आठ वर्षांचे असतानाच त्यांचे मातृछत्र हरपले. परंतु आईने लावलेले वेड मात्र सुटले नाही. गावातील कुंभार मूर्ती घडवू लागले, की हा मुलगा त्यांच्याजवळ बसून राही आणि मग स्वतःही माती मळून मूर्ती करू लागे.

पुढील शिक्षणासाठी ते कलकत्त्यास आले. अभ्यासाच्या पुस्तकांत त्यांचे मन रमेना. परीक्षांत अपयश आले, वाणिज्य शाखेत नाव घातले तरी तेथेही चित्त लागेना. घरच्या माणसांना मुलाच्या भवितव्याची काळजी वाटणे साहजिकच होते. अखेर १९०५ च्या सुमारास आपली चित्रे घेऊन नंदलाल सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथ टागोरांकडे गेले आणि त्यांचे शिष्य झाले.

या गुरुशिष्यांची एक हकिकत अवनींद्रनाथांनीच सांगून ठेवली आहे. शंकराच्या प्राप्तीसाठी तप करणाऱ्या उमेचे चित्र नंदलालांनी काढले व गुरूंना दाखविले. चित्रात रंग अगदी बेताचा होता. अवनींद्रनाथांना ते फार रुक्ष वाटले. उमेला थोडे नटवावे, कपाळी चंदन रेखावे, एखादे फूल द्यावे, असे त्यांनी सुचविले. शिष्य काही न बोलता चित्र घेऊन घरी गेला. त्या रात्री मात्र गुरूंना झोप येईना. कठोर तप करणारी उमा नटेल कशाला? कदाचित नंदलालला ती तशीच दिसली असेल. मग त्याच्या दृष्टीआड येणारे आपण कोण? असे विचार त्यांच्या मनात घोळत राहिले. उजाडताच ते नंदलालांच्या घरी धावत गेले. पाहतात तो चित्र समोर ठेवून, कुंचला हाती घेऊन नंदलाल रंग देण्याच्या बेतातच होते. गुरूंनी त्यांना थांबविले. चित्र होते तसेच राहिले.

शिक्षकाने आपली चूक शिष्याच्या दारी जाऊन सुधारावी, हे सहसा घडत नाही. नंदलालांना ऐन उमेदीत असा गुरू लाभला.

अजिंठ्याची लेणी ही त्यांची दुसरी शाळा. १९०९ च्या सुमारास इंग्रज चित्रकर्त्री लेडी हेरिंगहॅम तेथील भित्तिचित्रांच्या नकला करीत होत्या. त्यांच्या साहाय्यासाठी नंदलाल आणि आणखी काही तरुण चित्रकार अजिंठ्यास गेले. गुहांतील अंधुक उजेडात त्या प्राचीन रेषांवरून नजर फिरवताना, न तुटता वाहणारी रेषा कशी असते, हे त्यांना उमगले. शिक्षण संपल्यावर सरकारी कलाशाळेतील नोकरी चालून आली होती. ती त्यांनी नाकारली.

१९१९ मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी शांतिनिकेतनात कलाभवन सुरू केले. १९२२ पासून त्याची धुरा नंदलालांच्या खांद्यावर आली आणि सर्वांचे ते मास्टरमोशाय, म्हणजे गुरुजी, झाले. त्यांचा वर्ग चार भिंतींत मावणारा नव्हता. माळरान, ताडाची झाडे, संथाळांची वस्ती, चरणारी गुरे हीच तेथील पाठ्यपुस्तके. गुरुजींजवळ कोरी कार्डे असत. दिसेल ते त्यांवर चटकन रेखाटायचे आणि दूर असलेल्या शिष्यांना ती कार्डे टपालाने धाडायची, हा त्यांचा परिपाठ होता. पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून जगप्रसिद्ध झालेले सत्यजित राय १९४० मध्ये तेथे शिकावयास आले. झाड काढताना रेघ बुंध्यापासून वर न्यावी, कारण झाड खालून वर वाढते, हा गुरुजींनी दिलेला धडा ते कधी विसरले नाहीत. धडा केवढासा! पण हात उचलण्यापूर्वी झाडाकडे नीट पाहिल्याशिवाय तो गिरवता येत नाही.

कला ही मूठभर कलावंतांची मिरास आहे, हे नंदलालांना मान्य नव्हते. शाळेतील प्रत्येक मुलाला तिचे शिक्षण मिळावे, असे त्यांनी आग्रहाने लिहिले. शाळांत चांगली चित्रे लावावीत, शिक्षकांनी मुलांना संग्रहालयांत न्यावे, ऋतूंचे उत्सव त्या त्या ऋतूच्या फळाफुलांनी साजरे करावेत, अशा त्यांच्या सूचना होत्या. गरीब संथाळ आपली मातीची झोपडी सारवून नेटकी ठेवतो आणि महाविद्यालयात शिकणारा तरुण मोठ्या वसतिगृहात राहूनही भारी कपडे अस्ताव्यस्त टाकतो. तेव्हा सौंदर्यदृष्टी पैशाने किंवा पदवीने येत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. चित्रकलेचा तास गणितासाठी उसना घेणाऱ्या शाळांनी यावर अवश्य विचार करावा. रवींद्रनाथांनी बालकांसाठी लिहिलेल्या ‘सहज पाठ’ या १९३० मधील वाचनपाठाला नंदलालांनी चित्रे दिली. काळ्यापांढऱ्या त्या चित्रांत नुसत्या रेषांनी खेडे उभे राहते.

१९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. महात्मा गांधींनी त्याच्या सजावटीचे काम नंदलालांवर सोपविले. त्यांनी बांबू, गवत असे गावात मिळणारे साहित्य घेऊन सारे नगर सजविले. दोन वर्षांनी गुजरातेत हरिपुरा येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे चारशे चित्रे रंगविली. ढोल वाजविणारे, पिंजारी, शिंपी, धान्य कांडणाऱ्या बाया हेच त्यांचे विषय. ही चित्रे मंडपात आणि प्रवेशद्वारांवर लावली होती; ती पाहावयास तिकीट नव्हते. भारतीय संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची पाने सजविण्याचे कामही नंदलालांनी आपल्या शिष्यांना बरोबर घेऊनच पार पाडले. भारत सरकारने १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. १६ एप्रिल १९६६ रोजी ते निवर्तले.

त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांत विनोदबिहारी मुखर्जी नावाचा एक मुलगा होता. त्याची एक दृष्टी जन्मापासून गेलेली, दुसरी अतिशय अधू. अशा मुलाला चित्रकला शिकवावी की नाही, याविषयी नंदलाल साशंक होते. मुलगा मन लावून काम करीत असेल तर त्याच्या वाटेत येऊ नये, असे रवींद्रनाथांनी सांगितले. नंदलालांनी ते मानले. मुलगा राहिला, शिकला आणि पुढे कलाभवनातच शिक्षक झाला. १९५७ च्या सुमारास त्याची उरलीसुरली दृष्टीही गेली. तरीही विनोदबिहारींनी काम सोडले नाही. १९७२ मध्ये, गुरुजींच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, त्यांनी कलाभवनाच्या एका भिंतीवर फरशांचे भले मोठे चित्र उभे केले. त्या वेळी त्यांना काहीच दिसत नव्हते. आकार ते बोटांनी चाचपून ठरवीत होते.