एमआरआय रिपोर्टमधले 'श्मॉर्ल' कोण होते? मणके तपासता तपासताच त्यांचा जीव गेला

कंबर दुखते म्हणून एमआरआय काढला आणि रिपोर्टमध्ये 'श्मॉर्ल्स नोड' लिहून आलं, की माणूस घाबरून आधी गुगल उघडतो. पण हा शब्द म्हणजे एका डॉक्टरांचं आडनाव आहे.

ख्रिश्चन गेओर्ग श्मॉर्ल. जन्म २ मे १८६१, जर्मनीतल्या सॅक्सनीमधल्या म्युगेल्नचा. १८९४ पासून ते ड्रेस्डेनच्या रुग्णालयात पॅथॉलॉजीचे प्रमुख होते. पेशंट नेमका कशाने दगावला, हे शवविच्छेदन करून शोधणं हे त्यांचं काम. नवजात बाळाची कावीळ मेंदूपर्यंत पोहोचते, त्या आजाराला 'कर्निक्टेरस' हे नाव त्यांनीच दिलं.

उतारवयात मात्र त्यांना पाठीच्या कण्याने झपाटलं.

गादी असते कशी?

दोन मणक्यांमधल्या गादीच्या बाहेरच्या बाजूला तंतुमय कूर्चेची कडी असतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकावर एक. एका थरातले तंतू एकीकडे तिरके, तर पुढच्या थरातले दुसरीकडे. म्हणून आपण वाकलो, वळलो, ओझं उचललं तरी गादी सहसा फाटत नाही. मधोमध मऊ गर आणि वर-खाली कूर्चेची पातळ चकती. गुडघ्यातला मेनिस्कसही याच तंतुमय कूर्चेचा.

श्मॉर्ल मृतदेहातला कणा काढायचे, उभा चिरायचे, एक्स-रे काढायचे आणि दोन्ही ताडून बघायचे. असे सुमारे १०,००० कणे त्यांनी तपासले. गादीतला गर चकती भेदून थेट मणक्याच्या हाडात घुसतो, हे त्यांनी १९२७ मध्ये मांडलं. तोच श्मॉर्ल्स नोड. बहुतेकांना त्याचा काही त्रासही होत नाही.

गादी मागे, नसांच्या बाजूला सरकते, हेही त्यांना दिसलं होतं. पण त्याने दुखत असेल, असं त्यांना वाटलं नाही. कारण उघड होतं. कुठे दुखतंय, हे मृतदेह सांगत नाही.

१९३२ मध्ये हर्बर्ट युंगहान्स यांच्यासोबतचं त्यांचं कण्यावरचं पुस्तक आलं. त्याच वर्षी एक मणका कापताना त्यांच्या बोटाला जखम झाली. जंतुसंसर्ग रक्तात पसरला. पेनिसिलिन औषध म्हणून वापरात यायला अजून जवळपास दहा वर्षं होती. १४ ऑगस्टला श्मॉर्ल गेले.

दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी जिवंत पेशंटवर ऑपरेशन करून दाखवून दिलं, की पायात जाणारी ती कळ सरकलेल्या गादीमुळेच येते. म्हणजे गादी सरकलेली श्मॉर्ल यांनी पाहिली होती, फक्त कळ सांगणारा माणूस त्यांच्या टेबलावर कधी आलाच नव्हता.