थॉमस पेन : राष्ट्र घडविले, पण मत नाकारले गेले



बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले हे आपले तीन गुरू मानले, हे आपल्या घरातील लहान मुलेही सांगतात. पण जोतीरावांनी ऐन विशीत, १८४७ च्या सुमारास, मानवी हक्कांवरचा ज्याचा ग्रंथ वाचला, तो थॉमस पेन कोण होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? सर्व माणसे समान आहेत अशी घोषणा करून अमेरिकेचे राज्य उभे राहिले. त्या उभारणीत या माणसाचा वाटा फार मोठा होता. आणि त्याच अमेरिकेने धर्माच्या कारणावरून त्याचे काय केले, ते आपण वाचावे म्हणून हे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहोत.

पेनचा जन्म १७३७ साली इंग्लंडातील थेटफर्ड गावी झाला. बाप बायकांच्या कॉर्सेट नावाच्या ताठ अंतर्वस्त्रांचा कारागीर. बाप क्वेकर, म्हणजे पुरोहित न मानणाऱ्या, साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा. आई सरकारी चर्चची. एका चुलीवर दोन पंथ म्हणजे काय, हे नवदीक्षित घराला वेगळे सांगायला नको. शाळा तेराव्या वर्षाच्या आसपास सुटली आणि पोरगा बापाच्या धंद्याला लागला. पुढे तो जकातीच्या खात्यात नोकरीला लागला. तेथील माणसांना पगार पुरत नाही म्हणून १७७२ साली त्याने एक अर्ज लिहून छापला. पगार तर वाढला नाहीच, १७७४ साली नोकरी मात्र गेली. दुकानातील सामान लिलावात गेले, बायकोशी फारकत झाली. सदतीस वर्षांचा हा अपयशी गृहस्थ बेंजामिन फ्रँकलिन यांचे शिफारसपत्र खिशात घालून जहाजात बसला आणि फिलाडेल्फियाला पोहोचला, तेव्हा तापाने इतका खंगला होता की त्याला उचलून खाली उतरवावे लागले.

आणि याच माणसाने अवघ्या चौदा महिन्यांत अमेरिका हलविली! जानेवारी १७७६ मध्ये त्याची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका निघाली. तिच्यावर लेखकाचे नावही नव्हते. तोपर्यंत अमेरिकेतील पुष्कळ पुढारी इंग्लंडच्या राजाकडे फक्त न्याय मागत होते. पेनने विचारले की मुळात राजा हवाच कशाला? जन्माने एक माणूस दुसऱ्यावर राज्य करतो, हे कोणत्या बुद्धीला पटते? गंमत अशी की पुढे बायबलवर टीका केली म्हणून ज्याला वाळीत टाकले, त्याने या पुस्तिकेत राजेशाहीविरुद्धचा पुरावा बायबलातूनच काढला होता. आपला वाचक कोणती भाषा समजतो, हे त्याला बरोबर कळत असे. पुस्तिका घरोघरी, गुत्त्यागुत्त्यांत मोठ्याने वाचली गेली. तिच्या नफ्यातला आपला वाटा त्याने सैनिकांच्या हातमोज्यांसाठी देऊन टाकला. सहा महिन्यांत, ४ जुलैला, स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला.

या जाहीरनाम्यातील समतेत काळा गुलाम नव्हता, हे विसरू नये. तो लिहिणारे जेफर्सन स्वतः गुलामांचे मालक होते. धर्माच्या बाबतीत मात्र त्या पिढीने धाडस केले. १७८७ च्या राज्यघटनेत असे कलम घातले की केंद्र सरकारच्या कोणत्याही पदासाठी धर्माची अट असणार नाही. १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने सरकारी धर्म स्थापण्यास मनाई केली. पण ही बंधने केंद्र सरकारपुरती होती. मॅसॅच्युसेट्स राज्यात चर्चसाठी कर घेणे १८३३ पर्यंत चालूच होते.

पेन तोवर युरोपात परतला होता. १७९१-९२ मध्ये त्याचा मानवी हक्कांवरील ग्रंथ दोन भागांत निघाला. इंग्लंडने त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरून त्याला दोषी ठरविले. तेव्हा तो फ्रान्समध्ये होता आणि तेथील क्रांतीच्या सभेवर निवडून आला होता. राजेशाहीचा हा वैरी तेथे उभा राहिला तो राजाचा जीव वाचवायला! राजाला मारू नका, अमेरिकेला हद्दपार करा, असे त्याने सांगितले. त्याच्या साऱ्या आयुष्यात मला हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. सत्ताधाऱ्यांची मर्जी गेली आणि डिसेंबर १७९३ मध्ये त्याला तुरुंगात टाकले. तेथून तो दहा महिन्यांनी, अमेरिकेचे वकील मन्रो यांच्या खटपटीने, जिवंत बाहेर आला.

तुरुंगात जाण्याच्या वेळीच ‘एज ऑफ रीझन’ या पुस्तकाचा पहिला भाग लिहून झाला होता. त्यातील विचार थोडक्यात असा : देवाने एखाद्याला काही सांगितले असेल तर ते त्याच्यापुरते, इतरांच्या दृष्टीने ती ऐकीव गोष्ट, आणि ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. कालाम सुत्त ऐकलेल्या आपल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. पण घाई करू नका. पेन अनीश्वरवादी नव्हता. तो एक निर्माता मानीत होता. जोतीरावांच्या निर्मिकाशी ती कल्पना जुळते, धम्माशी नाही. त्याचा विरोध होता तो पुरोहितांच्या मक्तेदारीला आणि पोथीच्या हुकुमाला.

अमेरिकेला एवढेही सोसले नाही. १८०२ साली पेन परत आला, तेव्हा चर्चमधून आणि विरोधी पक्षाच्या वर्तमानपत्रांतून त्याच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. ट्रेन्टन गावी घोडागाडीवाल्यांनी त्याला गाडीत जागा दिली नाही. न्यू रोशेल येथे न्यूयॉर्क राज्याने त्याच्या सेवेबद्दल त्याला शेत दिले होते. त्याच गावी १८०६ साली तो मत द्यायला गेला, तर तू अमेरिकेचा नागरिकच नाहीस म्हणून अधिकाऱ्याने त्याला परत पाठविले. तो कोर्टात गेला आणि हरला.

८ जून १८०९ रोजी तो न्यूयॉर्कमध्ये वारला. मरणाच्या दारातही पाद्री त्याचे मन वळवायला आले होते, त्यांना त्याने घालवून दिले. क्वेकरांनी आपल्या दफनभूमीत जागा नाकारली, म्हणून त्याच्याच शेतात त्याला पुरले. मातीला आलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी : एक फ्रेंच बाई व तिचा मुलगा, एक क्वेकर मित्र, दोन काळे पुरुष आणि असाच एखाददुसरा. धर्म सोडल्यावर गावाने मयतीला पाठ फिरविलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या शेतातील शांतता ऐकू येईल.

ही फार जुनी गोष्ट झाली, असे म्हणाल तर अमेरिकेत हा झगडा मिटलेला नाही. १९५४ साली ध्वजाच्या प्रतिज्ञेत देवाचे नाव घातले गेले, १९५६ साली देवावरील विश्वास हे राष्ट्राचे ब्रीद ठरले. मेरीलँड राज्यात एका गृहस्थाने देव मानतो असे सांगण्यास नकार दिला म्हणून त्याला नोटरीचे पद मिळाले नाही; १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. तरी काही राज्यांच्या घटनांत तसले शब्द अजून छापलेले आहेत, लागू मात्र होत नाहीत. २०२४ साली लुइझियाना राज्याने प्रत्येक सरकारी शाळेच्या वर्गात बायबलातील दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला, आणि पालक कोर्टात गेले. त्या पालकांत पाद्रीही होते, हे लक्षात घ्या. चर्च एका बाजूला आणि स्वातंत्र्य दुसऱ्या बाजूला, अशी सरळ विभागणी तेथे नाही. मार्टिन ल्यूथर किंग पाद्रीच होते, आणि त्यांच्या चळवळीच्या सभा काळ्यांच्या चर्चमध्येच भरत.

पेनची हाडे १८१९ साली विल्यम कॉबेट या त्याच्या एका जुन्या टीकाकाराने पश्चात्तापाने उकरून इंग्लंडला नेली. तेथे स्मारक बांधण्याचा त्याचा विचार होता. पैसे जमले नाहीत. कॉबेट १८३५ साली वारला, आणि पुढे ती हाडे कोठे गेली याचा पत्ता लागला नाही.