लक्ष्मीबाई टिळक : स्वतः शोधलेली श्रद्धा

नाशिकजवळच्या जलालपूर गावी १८६८ साली जन्मलेल्या मनकर्णिका गोखले यांचे बालपण वडिलांच्या कडक सोवळ्याच्या धाकात गेले. शाळेचा प्रश्नच नव्हता. अकराव्या वर्षी विवाह झाला आणि त्या लक्ष्मीबाई टिळक झाल्या. पती नारायण वामन टिळक, म्हणजे ‘फुलामुलांचे कवी’, यांनी १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा तो संसार दुभंगला. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई आप्तांच्या आधाराने राहिल्या.

पतीमागे धर्म बदललेली स्त्री, असे त्यांचे वर्णन अनेकदा होते. ते अन्यायाचे आहे. पुन्हा पतीकडे गेल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नव्हते. जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, या प्रश्नाचा निकाल त्यांनी स्वतःच्या मनाशी लावला; मग त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला.

अहमदनगरच्या त्यांच्या घरात अनाथ मुले वाढली. बालकवी ठोंबरेही तेथे घरच्यासारखे राहिले. १९१९ मध्ये टिळक निवर्तले, तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. जोडाक्षरांशी झगडत लिहायला शिकलेल्या या बाईंनी साठांहून अधिक अध्याय रचून ते पूर्ण केले.

मुलाच्या आग्रहाने लिहिलेल्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे त्या आठवणी नव्याने संपादित केल्या, त्या नातू अशोक टिळक यांनी.