फुटाळ्याचा भुट्टा आणि मेक्सिकोतले खानखोजे

पावसात फुटाळ्यावर गाडी लावून लिंबू-मीठ चोळलेला भुट्टा तुम्ही खाल्लाच असेल. मग सांगा, मक्याचं माहेर असलेल्या मेक्सिकोत जाऊन मक्याची नवी वाणं तयार करणारा माणूस शेवटी आपल्याच नागपुरात येऊन राहिला आणि इथेच गेला, हे माहीत होतं? मलाही नव्हतं.

पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म १८८० च्या दशकात, वर्ध्याचा. पोरवयापासून डोक्यात एकच, इंग्रजांना घालवायचं. त्यासाठी अमेरिका गाठली. तिथे लष्करी शिक्षण घेतलं आणि शेतीशास्त्रही शिकले. १९१३ मध्ये गदर पार्टी उभी राहिली, तिच्या सुरुवातीच्या मंडळींत ते होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूने हिंदुस्थानच्या सीमेवर धडकायचा प्रयत्न केला. तो फसला. पकडले गेले, निसटले, पण घरी परतायची वाट बंद झाली.

आता विचार करा. देश नाही, पैसा नाही, हातात फक्त एक डिग्री. तुम्ही काय केलं असतं?

खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोला पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. तिथे नुकतीच क्रांती होऊन गेली होती. गरीब शेतकऱ्याला जमीन मिळू लागली होती, पण नुसत्या जमिनीने पोट भरत नाही. चांगलं बियाणं लागतं.

मक्याचं गणित सोपं आहे, काम मात्र चिकाटीचं. झाडाच्या शेंड्याला तुरा असतो, तो नर. कणसाचे रेशमी केस म्हणजे मादी. वाऱ्याने कुठलेही परागकण येऊन बसतात. म्हणून कणसावर पिशवी बांधायची, निवडलेल्या झाडाचे परागकण हाताने टाकायचे, आलेलं बी पेरायचं, चांगलं ठेवायचं, बाकी सोडायचं. मग पुन्हा तेच. बाल्कनीत ऑर्किडचा संकर करणारे हौशी लोकही काडीने हेच करतात. फरक इतकाच की ऑर्किडच्या बीपासून फूल यायला कित्येक वर्षं लागतात, मका एका हंगामात उत्तर देतो.

खानखोजेंनी मक्याचा संकर त्याच्या रानटी भाऊबंदाशी, तिओसिंतेशी केला. तांबेऱ्याला तोंड देईल अशा गव्हावरही काम केलं. आणि जे कॉलेजात येऊच शकत नव्हते, त्या शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. तीना मोदोत्तीने त्यांच्या कामाचे फोटो काढले. दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रातही ते दिसतात.

देश स्वतंत्र झाला, पण इंग्रजांच्या काळ्या यादीतलं त्यांचं नाव तसंच होतं. ज्या देशासाठी सगळं सोडलं, त्याच देशाने आधी व्हिसा नाकारला! नंतर परवानगी मिळाली. १९५० च्या दशकात ते कुटुंबासह नागपुरात स्थायिक झाले. १९६७ मध्ये इथेच गेले.

२०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. तिकडच्या शेतीच्या पोरांना हे नाव रोज समोर दिसतं. आपल्याला मात्र ते सांगावं लागतं. म्हणून सांगितलं. आता फुटाळ्यावर गेलात की सोबतच्या मित्राला तुम्ही सांगा.