आजही दारूच्या दुकानावर 'परमिट रूम' का लिहितात? दातिवऱ्याची ताडी आणि मोरारजींची दारूबंदी

सफाळे स्टेशनला उतरून दातिवऱ्याच्या वाटेला लागलं, की समुद्राचा वारा लागायच्या आधी ताडाची झाडं दिसायला लागतात. वैतरणा खाडीच्या मुखाशी वसलेलं हे गाव. इथून वर केळवे, डहाणू, झाई आणि पुढे गुजरातपर्यंत ताड, शिंदी आणि माड यांचा हा पट्टा पसरलाय. फिरायला येणाऱ्या अनेकांना किल्ला आणि किनाऱ्याबरोबर या भागातली ताडीही चाखायची असते. गोव्यात जसं तावेर्न, तसं इथं ताडीचं दुकान. बाकडी, काचेचे ग्लास, चखण्याला काहीतरी, आणि वर सरकारी परवान्याची पाटी.

पण झाडावरून उतरवलेल्या रसाला सरकारी परवाना कशाला लागतो? आणि मुंबईतल्या बारवर आजही 'परमिट रूम' असं का लिहिलेलं असतं? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधताना एक नाव हमखास समोर येतं, मोरारजी देसाई.

मोरारजींचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा, वलसाडजवळच्या भदेली गावचा. म्हणजे याच किनाऱ्यावर, पालघरच्या थोडं वर. वडील शिक्षक होते. मोरारजी मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकले आणि इंग्रज सरकारच्या नोकरीत डेप्युटी कलेक्टर झाले. सुमारे बारा वर्षं नोकरी केल्यावर १९३० साली त्यांनी राजीनामा दिला आणि सविनय कायदेभंगात उडी घेतली.

त्या आंदोलनात मिठाइतकाच दारूचाही मुद्दा होता. १८७८ च्या आबकारी कायद्यानं इंग्रजांनी मुंबई इलाख्यातला दारूधंदा आपल्या मुठीत घेतला होता. ताडी काढायची तर परवाना हवा आणि झाडावर कर भरायला हवा. लोक जितके पिणार, तितका सरकारचा गल्ला भरणार. म्हणून १९३० मध्ये बायका दारूच्या गुत्त्यांसमोर निदर्शनं करत उभ्या राहिल्या. सुरत भागात तर कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडंच तोडली. मोरारजींचा जिल्हा तोच. ते स्वतः दारूला कधी शिवले नाहीत आणि गांधीजींचा हा कार्यक्रम त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला.

१९३७ ला बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. मोरारजी महसूलमंत्री झाले. आबकारी खातं डॉ. गिल्डर यांच्याकडे होतं. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. विरोध कडवा होता. दारू आणि ताडीच्या धंद्यात पारशी समाजातली बरीच कुटुंबं होती, आणि बुडणारा महसूल भरून काढायला शहरातल्या घरमालकांवर नवा कर बसला होता. पण त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि ती दारूबंदी काही टिकली नाही.

१९४६ ला काँग्रेस पुन्हा सत्तेवर आली. खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी गृहमंत्री. या वेळी टप्प्याटप्प्यानं पावलं पडली. १९४९ ला मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून अख्ख्या मुंबई राज्यात दारूबंदी आली. गांधीजींनी दांडीला मीठ उचललं होतं, तीही तारीख ६ एप्रिलच.

कायदा साधासुधा नव्हता. दारू बनवणं, विकणं, बाळगणं, पिणं, सगळंच गुन्हा. १९५१ ला बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं दारूचा अंश असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंधनं रद्द केली, पण कायद्याचा मुख्य गाभा वैध ठरवला. ज्याला प्यायचीच आहे, त्यानं डॉक्टरांचा दाखला आणून 'परमिट' घ्यायचं. परमिट रूम हा शब्द आपल्याकडे रुजला तो याच व्यवस्थेतून.

किनाऱ्यावर मात्र या कायद्याचा अर्थ वेगळा होता. इथं ताडी म्हणजे भंडाऱ्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. उंच ताडावर चढायचं, फुलोऱ्याला धारदार काप द्यायचा, खाली मडकं बांधायचं आणि रोज तो काप ताजा करायचा. पहाटेचा ताजा रस म्हणजे नीरा. ऊन चढलं की तोच रस आंबतो आणि त्याची ताडी होते. माडाची ती माडी. कायद्यानं नीरेला परवानगीनं जागा दिली. मडक्याला आतून चुना लावला की रस लवकर आंबत नाही. पण नीरा काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे ताडीचा बाजार बंद झाल्यावर तिच्यावर सगळ्यांचं पोट भरणं अवघड होतं. झाड तेच, कोयता तोच, पण कालचा कारागीर आज गुन्हेगार ठरू शकत होता.

दुसरीकडे दारू बंद झाली नाही, ती लपली. मुंबईत हातभट्टीचे अड्डे फोफावले, घराघरांतून चोरटी विक्री सुरू झाली आणि त्या पैशावर गुन्हेगारी टोळ्या पोसल्या गेल्या. मोरारजींच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं असायचं, की पगाराच्या दिवशी नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईला हा कायदा विचारा. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

१९५२ ला मोरारजी मुख्यमंत्री झाले आणि अंमलबजावणी आणखी कडक झाली. पण मराठी माणसाच्या मनात त्यांचं नाव कोरलं गेलं ते संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारामुळे. त्या लढ्यात शंभराहून जास्त हुतात्मे झाले. पुढे ते केंद्रात गेले, अर्थमंत्री म्हणून दहा बजेट मांडली आणि १९७७ ला देशाचे पहिले बिगरकाँग्रेसी पंतप्रधान झाले. तिथंही चार वर्षांत देशभर दारूबंदी करायचा त्यांनी निर्धार केला. सरकारच १९७९ ला कोसळलं आणि ते राहून गेलं. १९९१ ला भारतरत्न मिळालं. १० एप्रिल १९९५ ला, वयाच्या ९९ व्या वर्षी, मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्यांच्या कायद्याचं काय झालं? १९६० ला राज्याची दोन राज्यं झाली. गुजरातनं दारूबंदी कायम ठेवली. महाराष्ट्रात वसंतराव नाईकांच्या काळात बंधनं सैल होत गेली. पण १९४९ चा कायदा रद्द झाला नाही. कागदोपत्री आजही महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. वाईन शॉपमध्ये एका दिवसाचा परवाना मिळतो तो त्यामुळेच. आणि मोरारजींच्या भदेलीपासून जवळच असलेल्या दमणमध्ये, जिथं १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते, ही दारूबंदी कधी पोचलीच नाही.

त्यामुळे दातिवऱ्याकडे जाताना ताडीच्या दुकानात थांबलात, तर भिंतीवरच्या परवान्याकडे एकदा बघा. कधीकाळी याच ग्लासासाठी झाडावर चढणाऱ्याला तुरुंगात जावं लागलं असतं.