अणूंचा तराजू

फ्रान्सिस विल्यम ॲस्टन हे नाव कलाशाखेच्या विद्यार्थ्यांच्या कानांवरून फारसे गेलेले नसते. परंतु वणव्याच्या धुरात काय काय दडलेले आहे हे शास्त्रज्ञ आज ज्या यंत्रांनी ओळखतात, त्यांच्या मूळपुरुषांत ॲस्टनचा मान फार वरचा आहे.

१ सप्टेंबर १८७७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या हारबोर्न येथे त्याचा जन्म झाला. रसायनशास्त्र शिकूनही त्याने पोटासाठी तीन वर्षे बिअरच्या कारखान्यात नोकरी केली. १९१० साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत तो जे. जे. थॉमसनचा साहाय्यक झाला आणि निऑनच्या कोड्यात गुंतला. निऑनचा अणुभार २०.२, पण थॉमसनच्या उपकरणात त्याच्या दोन रेघा उमटत, एक २० ची आणि दुसरी २२ ची. दुसरी रेघ एखाद्या संयुगाची असावी असे थॉमसनला वाटे. एकाच मूलद्रव्याचे अणू दोन वजनांचे असतील, ही शंका ॲस्टनला सोडीना. त्याने सच्छिद्र मातीतून निऑन पुनःपुन्हा झिरपवून पाहिला. फरक पडला, पण फारच थोडा. इतक्यात महायुद्ध पेटले आणि तो फार्नबरोच्या विमान कारखान्यात गेला.

परतल्यावर, १९१९ मध्ये, त्याने मास स्पेक्ट्रोग्राफ उभा केला. वायूच्या कणांना विद्युत्‌भार द्यायचा, त्यांचा झोत आधी विद्युत्‌क्षेत्रातून व मग चुंबकीय क्षेत्रातून न्यायचा. हलके कण जास्त वळतात, जड कमी. छायाचित्राच्या काचेवर प्रत्येक वजनाची वेगळी रेघ उमटते. निऑनचा निकाल लागला. क्लोरीनचा ३५.५ हा विचित्र अणुभारही ३५ आणि ३७ यांची सरासरी ठरला. १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. निसर्गात आढळणारी २१२ समस्थानिके त्याने शोधली.

पण ॲस्टनचा खरा चिवटपणा दिसतो तो पुढे. ऑक्सिजन १६ धरला तर बहुतेक अणूंची वजने पूर्णांकाच्या अगदी जवळ येत. हायड्रोजन मात्र १.००८. हिशेबातली ही चिल्लर दुसऱ्या कोणी सोडून दिली असती. ॲस्टनने तिच्यासाठी आणखी दोन यंत्रे बांधली. ऑक्सिजनचा अणू १६ आणि मिथेनचा रेणूही १६. या दोन रेघांमधले सुमारे ०.०३६ चे अंतर त्याने मोजले.

आता धुराकडे येऊ. २०१९ मध्ये अमेरिकेत शास्त्रज्ञांनी असली यंत्रे विमानात घालून वणव्यांच्या धुरातून नेली. धुरात आयसोप्रीन असतो, फ्यूरानही असतो. पहिला झाडे न जळताही सोडतात. दुसरा, आरोग्यास अपायकारक, लाकूड जळताना तयार होतो. दोघांचेही वजन ६८! पहिल्यात दुसऱ्यापेक्षा एक कार्बन व चार हायड्रोजन जास्त, आणि एक ऑक्सिजन कमी. म्हणजे फरक मिथेन आणि ऑक्सिजन यांच्याइतकाच, ०.०३६. ॲस्टनने मोजलेली तीच चिल्लर.

माणूस एकांतप्रिय, अविवाहित. बर्फावर घसरण्याचा, टेनिसचा, संगीताचा शौकीन. खग्रास सूर्यग्रहणे पाहण्यासाठी तो सुमात्रा, कॅनडा, जपानपर्यंत गेला. हायड्रोजनच्या त्या ०.००८ मध्ये प्रचंड ऊर्जा कोंडलेली आहे आणि ती माणसाच्या हाती लागली तर धोकाही आहे, हे त्याने १९२२ मध्येच सांगून ठेवले होते. हिरोशिमानंतर तीन-साडेतीन महिन्यांनी, २० नोव्हेंबर १९४५ रोजी, केंब्रिज येथे तो वारला.